मजारावरचे तारे आणि खुराड्याची बिजागरी

अंधार पडला की चोंग-ताल गाव रिकामं व्हायचं. चुली धुमसत राहायच्या, गायी कासा तटतटून हंबरत राहायच्या आणि माणसं टेकडीवरच्या मजाराकडे चालू लागायची. तिथं आकाशातले तारे उतरून पीराच्या कबरीला प्रदक्षिणा घालतात, असं त्या उन्हाळ्यात ठरून गेलं होतं.

ठरवलं होतं कायिप-आतांनी; तिकडे आता म्हणजे बाबा. हे गृहस्थ वसंतात शहराकडून एका खटारा गाडीतून आले. सामान म्हणजे एक जनरेटर, एक कॅमेरा आणि साखरेत घोळलेली जीभ. मजाराच्या मातीच्या घुमटीकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. कायिप-आतांनी ती झाडली, सारवली आणि तिच्या पायथ्याशी भलामोठा फ्लेक्स टांगला. फ्लेक्सवर हीच घुमटी होती आणि तिच्या टोकाभोवती आभाळभर ताऱ्यांच्या गोल गोल रेघा, एकात एक. खोटं कशाला बोला, चित्र देखणं होतं. बघणाऱ्याच्या अंगावर काटाच यायचा.

"बंधूंनो, वर बघा!" कायिप-आता गरजले. "काय दिसतं? काही नाही! कारण तुमचा डोळा पापी. त्यानं आजवर काय काय पाहिलंय ते तुमच्या बायकांना ठाऊक नाही म्हणून तुम्ही नांदताय!"

बायका खिदळल्या. पुरुषांनी टोप्या सावरल्या.

"पण ही काच," त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला, "तान्ह्या बाळासारखी निष्पाप आहे. हिला दिसतं! एकेकानं यायचं, दगडावर हात ठेवायचा, मान खाली घालायची. तारे तुमच्यासाठी जेवढे फिरतील तेवढी कोर उमटेल. लांब कोर म्हणजे श्रद्धा लांब. तुटकी कोर म्हणजे..." इथं ते उसासा टाकायचे आणि पुढचं बोलायचेच नाहीत.

कॅमेरा घुमटीच्या खालच्या अंगाला एका सपाट दगडावर बसवलेला असे. तो कुणी हलवायचा नाही, वळवायचा नाही, देवदूत रुसतात. त्या दिवशी सोरोनबाय मेंढपाळानं मेंढा दिला होता. त्याची कोर निघाली ती घुमटीच्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. लोक म्हणाले, वा! तोवर मांस शिजून वाट्यांत पडलं होतं, त्यामुळे वा म्हणायला कुणालाच जड गेलं नाही.

मग दिल्देची पाळी आली. दिल्दे म्हणजे गावाची दूधवाली. घरोघरचं दूध गोळा करून मलई काढायची. गेल्या हिवाळ्यात तिला क्षय निघाला आणि तिचं काम सुटलं. ती दगडावर बसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. कायिप-आतांनी लगेच बटण दाबून फोटो उघडला. घुमटीवर चिमटीत मावतील एवढ्याशा कोरा होत्या.

"पोरी," ते मायेनं म्हणाले, "अंगात काहीतरी परकं घेतेस का? गोळ्याबिळ्या?"

"घेते. क्षयाच्या."

"हां! त्या गोळ्यांचं विष ताऱ्यांच्या वाटेत आडवं येतंय. एका घरात दोन मालक कसे नांदतील? गोळ्या सोड, इथला झरा पी, इथं झोप. कोर लांबेल तशी छाती मोकळी होईल." आणि सगळ्यांदेखत त्यांनी आपल्या वाटीतलं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, अर्धं पिऊन तीच वाटी तिच्या हातात दिली. दिल्देचे डोळे भरून आले.

गर्दीच्या मागं, काटेरी झुडपापाशी झूराकान एकटी उभी होती. गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. अर्धा गाव तिच्या हाताखालून गेलेला, म्हणून लहानथोर सगळे तिला 'एजेके' म्हणत, मास्तरीणबाई. ती पुढं होऊन म्हणाली, "दिल्दे, गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार दुपटीनं उलटतो. चल घरी."

"एजेके, शाळा सुटली की!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दिल्देनं मान वर केली नाही.

झूराकान एकटी उतरली.

घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. नवरा जाऊन सहा हिवाळे लोटले होते. मुलगा सामात मॉस्कोत टॅक्सी चालवायचा. रविवारी त्याचा फोन यायचा. "आपा, बरी आहेस ना?" "बरी आहे." मग दोघंही काय बोलावं ते शोधत बसायची. लहानपणी उन्हाळी कुरणावर हाच मुलगा तिच्या कुशीत पडून आकाशगंगेकडे बोट दाखवायचा. तिकडे आकाशगंगेला पेंढ्याची वाट म्हणतात. "आपा, हा पेंढा कुणी सांडला?" असं विचारत तो झोपी जायचा. मॉस्कोच्या दिव्यांत त्याला तारा म्हणून दिसत नसे. त्याला त्या वाटेचा फोटो पाठवायचा, असं तिनं मनाशी घेतलं होतं. त्याचा जुना कॅमेरा घरात पडून होता.

पण आभाळाचा फोटो म्हणजे काही नातवंडाचा फोटो नव्हे. उजेड इतका कमी, की कॅमेऱ्याला कितीतरी वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होतात. त्यावर तोड म्हणजे पृथ्वी जितकी एका बाजूला फिरते तितकाच कॅमेरा उलट बाजूला फिरवत राहायचा. त्यासाठी बाजारात महागडी यंत्रं मिळतात. झूराकानपाशी कोंबड्यांचं खुराडं होतं. कोंबड्या कोल्ह्यानं कधीच नेल्या होत्या. तिनं खुराड्याच्या दाराची बिजागरी काढली, दोन फळ्या पुस्तकासारख्या जोडल्या आणि खालच्या फळीतून आटे पाडलेली सळई वर घातली. सळई फिरवली की वरची फळी केसभर उचलायची. बिजागरीचा कणा ध्रुवाकडे रोखायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि सळई मिनिटाला एक फेरा, अशी अगदी समान फिरवायची. सळई बिजागरीपासून किती अंतरावर हवी याचं गणित तिनं चुलीपाशी बसून मांडलं. ते बरोबर होतं. हात मात्र बरोबर नव्हता. तो कधी पळायचा, कधी अडायचा आणि फोटोत तारे अळ्यांसारखे वळवळलेले यायचे.

दिल्दे असती तर, असं तिच्या मनात दर रात्री यायचं. दिल्देनं जन्मभर मलईयंत्राचा दांडा फिरवला होता. त्या दांड्याला घंटी असते. फिरवण्याची गती चुकली की ती किणकिणते, गती जमली की गप्प होते. दिल्देच्या हातात ती घंटी कधी वाजलीच नाही. शिवाय दिल्दे ही गावातली एकच बाई होती जी बोलावल्यावाचून झूराकानच्या घरी येऊन बसायची. रोज सकाळी दोघी मिळून आरोग्यकेंद्रात जायच्या. परिचारिका गुलाइम समोर उभी राहून गोळ्या गिळवायची आणि मग दोघी झूराकानकडे चहा प्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झूराकान दिल्देच्या दारात गेली. "चल, गोळ्यांची वेळ झाली."

"मी नाही येत."

"अगं, तो माणूस लबाड आहे. तारे कबरीभोवती नाही फिरत. आपण फिरतो."

"झूरा, तुझं सगळं खरं असेल," दिल्दे उंबऱ्यावरूनच म्हणाली. "पण त्यानं माझ्या हातात स्वतःची वाटी दिली. पाहिलंस ना? गावात मी गेले की लोक कप पालथे घालतात. आणि तुझ्या घरात? तुझ्याकडे माझी वाटी कुठली?"

झूराकानच्या घरी फळीवर एका कोपऱ्यात लाल काठाची एक वाटी वेगळी ठेवलेली असायची. दिल्दे उठली की ती गरम पाण्यानं धुऊन परत कोपऱ्यात जायची. यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"ती काळजी म्हणून गं," झूराकान कशीबशी म्हणाली.

"असेल," म्हणत दिल्देनं दार लावून घेतलं.

पुढचे तीन आठवडे झूराकान रोज सकाळी त्या दारावरून परत फिरली. मग एका रात्री तिला राग आला, आणि रागातलं शहाणपण पावशेर कमीच भरतं. तिनं कॅमेरा अंगणात नेला, साध्या तिपाईवर ठेवला, उत्तरेला तोंड केलं आणि घराच्या मागच्या संडासाच्या छपरावर बरोबर ध्रुव येईल असा नेम धरला. दोन तासांनी फोटोत काय यावं? ताऱ्यांच्या लांबलचक कोरा, सगळ्या संडासाभोवती. तिनं तो फोटो गावाच्या मोबाइल-मंडळात टाकला आणि खाली लिहिलं, 'तारे आमच्या संडासालाही प्रदक्षिणा घालतात. आता बोला.'

तिला वाटलं, गाव हसेल आणि शुद्धीवर येईल. सकाळी ती दाराबाहेर आली तर कालिचा म्हातारी संडासाच्या कडीला चिंधी बांधत होती. मजाराच्या झुडपाला नवसाची बांधतात, तशीच.

"कालिचा-आपा! हे काय चालवलंय?"

"गप गं. इथं खाली कुणीतरी थोर पुरुष पुरलेला असणार. नाहीतर तारे उगाच फिरतील? आणि तू तीस वर्षं त्याच्या डोक्यावर... तोबा, तोबा!"

दुपारपर्यंत कडीला आणखी चिंध्या लागल्या. कुणी बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परडीही ठेवून गेलं. कायिप-आतांनी निरोप धाडला, की ही जागा मजाराची धाकटी बहीण असून तिचीही व्यवस्था आपणच बघू. झूराकान पायरीवर बसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. एवढं हसण्यासारखं घडलं होतं आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर ती उठली आणि आरोग्यकेंद्रात गेली. गुलाइमला तिनं एक प्रश्न विचारला. मग घरी येऊन तिनं शाळेचा कोनमापक काढला आणि लोकांनी मोबाइल-मंडळात मिरवलेले आपापल्या कोरांचे फोटो एकेक करून मोजले.

संध्याकाळी ती बगलेत फळ्या आणि गळ्यात कॅमेरा घेऊन टेकडी चढली.

"आल्या, विज्ञानबाई आल्या!" कायिप-आता हात पसरून म्हणाले. "धाकट्या बहिणीकडून मोठीकडे! या, या."

"कायिप-आता, तुमच्या दगडावर माझंही खेळणं ठेवते. देवदूत खरे असतील तर खुराड्याच्या बिजागरीला घाबरणार नाहीत."

कायिप-आता क्षणभर घुटमळले. पण पुढच्या रांगेत अशिरआली बसला होता, गावातला सर्वांत म्हातारा घोडेवाला. तो काठी आपटून म्हणाला, "ठेवू दे की! तुमचे देवदूत काय काचेचे आहेत?" लोक हसले, आणि मग नाही म्हणायची सोय राहिली नाही.

झूराकाननं फळ्या दगडावर ठेवल्या, बिजागरी ध्रुवाकडे रोखली, कॅमेऱ्याचं तोंड घुमटीकडे केलं. मग ती गर्दीकडे वळली. "दिल्दे, माझा हात अडखळतो. ही सळई मिनिटाला एक फेरा फिरवायची आहे. घंटी वाजू न देता फिरवणारा हात या गावात एकच आहे."

"आजारी हात नको!" कायिप-आता ओरडले. "तारे रुसतील!"

दिल्दे उठायच्या बेतात नव्हती. पण ते 'आजारी हात' तिला झोंबलं. वाटी दिली तेव्हा हाच हात त्यांना चालला होता. ती पुढं आली, ओढणी तोंडावर घट्ट केली आणि दगडापाशी बसून सळईला हात घातला. झूराकान घड्याळ धरून उभी राहिली. दिल्देनं पहिल्या दोन फेऱ्यांनंतर घड्याळाकडे बघितलंच नाही. मध्ये तिला खोकला आला, खांदे हलले, पण मनगट तसंच फिरत राहिलं. असा अर्धा तास गेला. आज मांस शिजत नव्हतं, त्यामुळे अर्धा तास म्हणजे किती हे सगळ्यांना नीट कळलं.

झूराकाननं फोटो उघडला आणि कॅमेरा आधी अशिरआलीच्या हातात दिला.

म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "तारे थांबलेत," तो म्हणाला. "एकूण एक ठिपका जागेवर आहे. पण घुमटी... अरे, घुमटीच घसरली! पुसल्यासारखी तिरकी फाकलीय."

कॅमेरा हातोहात फिरला. खरंच, तारे मोहरीच्या दाण्यांसारखे गोल होते आणि पीराची घुमटी राखेच्या फराट्यासारखी विस्कटली होती.

"काळी जादू!" कायिप-आता म्हणाले.

"बिजागरी," झूराकान म्हणाली. "जादू असती तर मी कोंबड्या नसत्या का परत आणल्या? ऐका. तारे कबरीभोवती फिरत असते तर दिल्देच्या हातानं थांबले असते का? आपली जमीन फिरते, आपल्यासकट, या मजारासकट. कॅमेरा जमिनीवर बसवला की तोही फिरतो आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. दिल्देनं त्याला जमिनीच्या उलट फिरवलं, म्हणून तारे थांबले आणि फिरणारी घुमटी उघडी पडली. वर्तुळांच्या मध्ये जो तारा हलत नाही, त्याच्याखाली तुम्ही कबर ठेवा, संडास ठेवा, नाहीतर गाढव उभं करा."

अशिरआलीनं कपाळावर हात मारला. "लोखंडी खुंटी! अरे, माझा बाप रात्री कळप राखताना वेळ कशावरून सांगायचा? लोखंडी खुंटीला बांधलेले ताऱ्यांचे घोडे कितपत फिरले त्यावरून! आपल्याच आज्यांनी त्या न हलणाऱ्या ताऱ्याला खुंटी नाव दिलं, आणि आपण या गावाबाहेरच्या माणसाकडून शिकतोय की तारे फिरतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"आणि श्रद्धेचं माप?" सोरोनबायनं विचारलं. त्याचा मेंढा गेला होता, त्यामुळे तो सहजासहजी सोडणार नव्हता. "माझी कोर लांब का निघाली?"

झूराकाननं कोनमापक वर धरला. "तारे तासाला पंधरा अंश सरकतात. तुझी कोर तीस अंश भरली. तू बसलास तेव्हा तुझा मेंढा चुलीवर चढत होता, उठलास तेव्हा हाडं कुत्र्यांपुढं होती. दोन तास. ते श्रद्धेचं माप नव्हे रे, घड्याळ आहे ते. बटण यांच्या बोटाखाली. हवी तेवढी लांब कोर काढायची."

"आणि माझी?" दिल्दे दगडापाशी बसूनच म्हणाली. "माझी किती मिनिटांची होती?"

"दहासुद्धा नाही, दिल्दे."

दिल्दे कायिप-आतांकडे वळली. आवाज बसलेला होता, पण शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. "मेंढेवाल्याला दोन तास आणि मला दहा मिनिटं? मी खोकले म्हणून बटण दाबलंत. मला वाटलं, माझ्यात खोट आहे. तीन आठवडे मी गोळ्या घेतल्या नाहीत आणि रोज रात्री या दगडावर रडले, की माझीच कोर का तुटते."

कायिप-आतांची साखर पहिल्यांदाच आटली. ते जनरेटरकडे बघू लागले.

लोक आता त्यांच्यावर धावून जाणार असं दिसताच झूराकान मध्ये आली. "थांबा. अजून एक फसवणूक राहिलीय, आणि ती माझी आहे. दिल्दे आजारी पडल्यापासून मी घरात तिची वाटी वेगळी ठेवली. मी, विज्ञानाची बाई! आज गुलाइमला विचारलं. ती म्हणाली, क्षय वाटीनं पसरत नाही, बंद खोलीतल्या खोकल्याच्या हवेनं पसरतो. खिडक्या उघडा, तोंडावर फडकं धरा आणि गोळ्या एक दिवस चुकवू नका, एवढंच. मी हे आधी विचारलंच नव्हतं. मनानंच धरून चालले. तुम्ही कप पालथे घातलेत, मी वाटी वेगळी केली. म्हणून हा गडी स्वतःची वाटी पुढं करून तिला घेऊन गेला. आपण तिला एकटं टाकलं नसतं, तर याच्या ताऱ्यांना कोण विचारत होतं? काहीही ऐकलंत तर विचारा, तपासा. मी सांगितलं तरी तपासा."

कालिचा म्हातारीनं नाक शिंकरलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे तुझ्या संडासात कुणी पुरलेलं नाही तर?"

"नाही, आपा. चिंध्या सोडून न्या."

सकाळी कायिप-आतांची गाडी टेकडीवर नव्हती. फ्लेक्स तेवढा राहिला होता. तो सोरोनबायनं गोठ्यावर टाकला, पावसाला बरा म्हणून. मागाहून कळलं, की हे गृहस्थ शहरात लग्नांचे फोटो काढायचे.

कथा इथं संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांच्या चुकलेल्या गोळ्या टाळ्यांनी भरून येत नाहीत. गुलाइमनं थुंकी तपासायला पाठवली आणि उत्तर आलं, की आजार चिवट झालाय. आता नारिन शहराच्या इस्पितळात राहावं लागेल, उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतील, आणि वर्षही लागू शकेल.

गाडी यायची होती त्या सकाळी झूराकान चहाची किटली घेऊन दिल्देच्या अंगणात गेली. दोघी उघड्यावर लाकडी ओट्यावर बसल्या. झूराकाननं एकच वाटी आणली होती, लाल काठाची. तिनं ती भरली, अर्धी स्वतः प्यायली आणि उरलेली दिल्देपुढं धरली.

दिल्देनं वाटी दोन्ही हातांत घेऊन घोट घेतला. मग म्हणाली, "साखर कमी आहे."

"तुझ्या हातची नाही ना."

"पेंढ्याच्या वाटेचा फोटो काढलास?"

"कुणाकडून काढू? फिरवणारा हात चाललाय नारिनला."

दिल्दे हसली आणि हसता हसता खोकली. गाडी आली. कप पालथे घालणारे चारदोन शेजारी कुंपणापाशी उभे होते. त्यांतल्या एकीनं पुढं होऊन दिल्देच्या हातात कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पुरचुंडी दिली. बाकीचे लांबूनच हात हलवत राहिले.

रात्री झूराकाननं फळ्या अंगणात मांडल्या. बिजागरी खुंटीकडे रोखली आणि सळईला हात घातला. हात अडखळायचाच. पण ती डोळे मिटून मनातल्या मनात दिल्देच्या मलईयंत्राची घंटी ऐकू लागली. वाजली की हात सावरायचा, गप्प राहिली की तसाच चालू द्यायचा. फोटो आला. तारे अजून थोडे वळवळलेलेच होते. पण त्यांच्यामधून पेंढा सांडलेला दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिनं तो दोघांना पाठवला, एक मॉस्कोला आणि एक नारिनला. खाली दोघांनाही एकच वाक्य लिहिलं, 'फिरतोय आपणच, तारे जागेवर आहेत. गोळ्या वेळेवर घे.' पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सामात काही गोळ्या घेत नाही. तरी तिनं ते पुसलं नाही.

घरात येऊन तिनं चहा ठेवला, लाल काठाची वाटी फळीवरच्या इतर वाट्यांतून काढली, आणि तीत पिऊन ती पुन्हा त्यांच्यातच ठेवून दिली.